वेलिंगकरांचं डॉल्फिन

मराठी माणूस आणि विमान असा विषय निघाला, की गाडी हमखास शिवकर बापूजी तळपदे यांच्यावर येऊन थांबते. १८९५ साल, चौपाटीची वाळू, आकाशात झेपावणारं यंत्र ही गोष्ट आपल्याला पाठ आहे. त्या उड्डाणाचा समकालीन, ठोस पुरावा कुणाला मिळालेला नाही. ज्या ‘वैमानिक शास्त्रा’शी ती गोष्ट जोडली जाते, त्यातली विमानं उडण्याजोगी नाहीत, हे बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधल्या अभ्यासकांनी १९७४ साली गणिताने दाखवून दिलं. तरी गोष्ट टिकून आहे.

याउलट, ज्याचं उड्डाण, ज्याची तुकडी आणि ज्याची कबरही नोंदलेली आहे, असा मुंबईचा एक वैमानिक आपल्याला आठवत नाही. त्याचं नाव श्रीकृष्ण वेलिंगकर. आडनाव गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या वेलिंग गावाची आठवण देणारं. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलातून लढाऊ विमानं चालवणारे जे मोजके भारतीय होते, त्यांत इंद्रलाल रॉय, हरदितसिंग मलिक आणि एरॉल सेन यांच्याबरोबर वेलिंगकरांचं नाव येतं. भारतीयाला अधिकारपद मिळणं जवळजवळ अशक्य होतं, त्या काळात ते रॉयल फ्लाइंग कोरमध्ये शिरले. १ एप्रिल १९१८ ला त्याच दलाची रॉयल एअर फोर्स झाली. वेलिंगकर २३ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये सॉपविथ डॉल्फिन हे विमान चालवत. जून १९१८ च्या अखेरच्या आठवड्यात ते शत्रूच्या हद्दीत पडले आणि जखमी अवस्थेत, जर्मनांच्या ताब्यात असताना वारले. उत्तर फ्रान्समध्ये हांगार्ड इथल्या युद्धस्मशानात त्यांची कबर आहे.

मी केळशीत राहतो आणि रेडिओवर चालणारी विमानांची मॉडेल्स बनवतो. गेली तीन वर्षं माझ्या माळ्यावर एकच काम चालू होतं : वेलिंगकर उडवत तसलं डॉल्फिन, मूळ विमानाच्या एक षष्ठांश आकारात. ते उडणारं तर हवंच, पण जवळून पाहिलं तरी खरं वाटलं पाहिजे. या ‘खरं वाटण्या’मागे काय काय असतं, ते या लेखात सांगायचं आहे. हा लेख छंदाबद्दल आहे, आणि पुराव्याबद्दलही.

आधी थोडं गणित. मूळ डॉल्फिनचा पंखविस्तार सुमारे ९.९ मीटर, लांबी पावणेसात मीटरच्या आसपास, आणि भरलेलं वजन ८९० किलोच्या घरात. एक षष्ठांश आकार म्हटला की लांबी सहापट कमी होते, पंखांचं क्षेत्रफळ छत्तीसपट आणि घनफळ दोनशे सोळापट. म्हणून पंखविस्तार आला १ मीटर ६५ सेंटिमीटर, आणि वजन यायला हवं ४ किलो १०० ग्रॅमच्या आसपास. वजन याहून वाढलं तर विमान उडेल, पण मूळ विमानासारखं उडणार नाही. ते घाईघाईने जाईल आणि उतरताना दगडासारखं येईल.

वेगाचंही तसंच. मूळ विमान ताशी सुमारे २१० किलोमीटर वेगाने जाई. मॉडेलने ताशी ३५ ने जावं असं वाटेल, पण त्या वेगाला पंख वजन पेलत नाहीत. हवेतली चाल मुळासारखी दिसायची, तर वेग सहाच्या वर्गमुळाने, म्हणजे साधारण अडीचपटीने कमी करायचा. तो येतो ताशी ८५ किलोमीटर. हाच हिशेब वाऱ्यालाही लागतो. ताशी १५ किलोमीटरची झुळूक माझ्या मॉडेलला ३७ किलोमीटरच्या वाऱ्यासारखी लागते. म्हणून केळशीत दुपारचा खारा वारा सुटायच्या आत, पहाटेचा मतलई वारा मंदावत आला असताना, आणि ओहोटीने किनाऱ्यावरची वाळू ओली व कडक झालेली असेल तेव्हाच हे विमान उडवता येतं. पंचांगात भरती-ओहोटी बघून विमान उडवणारे वैमानिक फार नसतील.

सांगाडा, मोटर, बॅटरी, सर्वो आणि चाकं यांत ३ किलो ६०० ग्रॅम गेले. उरले ५०० ग्रॅम. कापडावरचा रंग, बंदुका, ताणतारा, रेडिएटर, वैमानिक, सगळे तपशील या अर्ध्या किलोत बसवायचे. त्यातही शेपटीकडचा तपशील सर्वांत महाग. विमानाचा तोल पंखाखाली एका ठरावीक ठिकाणी असावा लागतो आणि तिथून शेपूट नाकाच्या तिपटीहून लांब आहे. कावडीची एक बाजू लांब असली की दुसऱ्या बाजूला जास्त भार टांगावा लागतो, तसं शेपटीवर एक ग्रॅम वाढला की नाकात तीन ग्रॅम शिसं वाढतं. म्हणून प्रत्येक तपशिलाला पहिला प्रश्न : तुझं वजन किती? आणि दुसरा : तुझा पुरावा काय?

सुरुवात कापडापासून. मूळ विमानाचे पंख म्हणजे लाकडी फासळ्यांवर ताणलेलं लिननचं कापड. ते फासळ्यांना दोऱ्याने टाचलेलं असे, त्या टाक्यांवर कापडी पट्टी चिकटवलेली असे, आणि सगळ्यावर डोप नावाचं, कापड ताठ करणारं रोगण. उन्हात तिरप्या नजरेने पाहिलं, की पट्टीखाली टाक्यांच्या गाठी उंचवट्यासारख्या दिसतात. मॉडेलवर प्रत्यक्ष शिवण घालण्याची गरज नाही. सुईच्या टोकाने पांढऱ्या गोंदाचा थेंब फासळीवर ठेवायचा, सुकू द्यायचा, मग वर पातळ कापडाची पट्टी. पट्टीच्या कडा कात्रीने सरळ कापल्या तर खोट्या दिसतात, म्हणून दोन-दोन धागे उसवून घ्यायचे. माझ्या चार पंखांवर वरून-खालून मिळून तीन हजारांवर थेंब पडले. सगळे सुकल्यावर वजन वाढलं आठ ग्रॅम. दिसण्यात पडलेला फरक पाहता याहून स्वस्त तपशील दुसरा नाही.

मग तारा. दुमजली पंखांच्या विमानात ताणतारा शोभेच्या नसतात. उडताना पंख वर दुमडू नयेत म्हणून काही तारा, आणि जमिनीवर असताना खाली लोंबू नयेत म्हणून काही. सॉपविथच्या विमानांवर बाहेरच्या तारा गोल नव्हत्या. हवा कापली जावी म्हणून त्या चपट्या, माशाच्या आडव्या छेदासारख्या घडवलेल्या असत आणि त्यांची टोकं आट्यांची असत. तार ताणायची ती त्या टोकालाच. मधोमध फिरवायचा स्क्रू, ज्याला टर्नबकल म्हणतात, तो सुकाणूच्या आणि इतर नियंत्रणाच्या दोरांवर. मॉडेल बनवणाऱ्यांना हे टर्नबकल फार आवडतात, कारण ते चमकतात आणि ‘काम केलंय’ असं दिसतं. पण जिथे मुळात नव्हते तिथे ते लावणं म्हणजे दागिना घालणं. तपशील आणि दागिना यांतला फरक हा असा आहे.

इथे केळशी आडवी येते. खाऱ्या हवेत पोलादी तारेला एका पावसाळ्यात गंज चढतो. शेजारच्या एका तांडेलाने तंगूस आणून दिला, जाळ्याचा, वेगवेगळ्या जाडीचा. तो गरम लोखंडी सळीने दाबून चपटा केला, रंगवला आणि टोकांना पितळी फाटे लावले. भार पेलणाऱ्या मोजक्या तारा आतून पक्क्या आहेत, बाकीच्या तंगुसाच्या. चार हातांवरून ओळखू येत नाही, आणि गंजण्याचा प्रश्न उरला नाही.

रंगाचा वाद या छंदात जुना आहे. ब्रिटिश विमानांच्या वरच्या बाजूला ‘पीसी १०’ नावाचा रंग असे. तो पिवळसर लोहमातीची गेरूसारखी भुकटी आणि काजळी डोपमध्ये कालवून करत. ताजा असताना तो हिरवट खाकी दिसे, ऊन-पाऊस खाऊन आणि वरच्या वॉर्निशप्रमाणे तपकिरीकडे झुके. त्यामुळे ‘खरा रंग हिरवा की चॉकलेटी’ या भांडणात दोन्ही बाजू बरोबर असू शकतात. मी महिन्या-दोन महिन्यांचं, आघाडीवर वापरात असलेलं विमान डोळ्यांपुढे ठेवलं. २३ स्क्वाड्रनला डॉल्फिन मिळाली ती १९१८ च्या वसंतात, त्यामुळे जूनअखेरीस ती फार जुनी असण्याचं कारण नव्हतं. म्हणून हिरवटपणा राखला. खालची बाजू बिनरंगी डोपची, म्हणजे सायीच्या रंगाची. रंग थोडे फिके करावे लागतात, हेही सांगायला हवं. पाच मीटरवरून माझं मॉडेल पाहणारा माणूस मूळ विमान तीस मीटरवरून पाहिल्यासारखं पाहतो, आणि मधल्या हवेमुळे दूरचा रंग नेहमी फिकट दिसतो. डब्यातला अचूक रंग जसाच्या तसा लावला तर मॉडेल खेळण्यासारखं दिसतं.

मळाचंही असंच. पहिल्या महायुद्धातलं विमान म्हटलं की अंगभर तेलाचे ओघळ काढायची पद्धत आहे. सॉपविथ कॅमलसारख्या विमानाला ते शोभतात, कारण त्याचं इंजिन स्वतःच गरगर फिरे आणि एरंडेल बाहेर फेकत जाई. डॉल्फिनचं हिस्पानो-सुइझा इंजिन पाण्याने थंड होणारं, स्थिर. त्याचे दोन रेडिएटर वैमानिकाच्या दोन बाजूंना, विमानाच्या कुशीवर. म्हणून माझ्या विमानावर एरंडेल नाही. धुराड्याच्या नळीमागे काजळी आहे, चाकांवर फिकी माती आहे. आमच्या इथली तांबडी माती मी प्रत्येक उड्डाणानंतर पुसून टाकतो. ती फ्रान्सची नव्हे.

बंदुकांबाबत मोह मोठा असतो. डॉल्फिनवर समोर दोन व्हिकर्स मशीनगन असत आणि वरच्या चौकटीवर आणखी दोन लुईस गन बसवायची सोय होती. चित्रांत त्या भारी दिसतात. पण आघाडीवरच्या बऱ्याच वैमानिकांनी त्या काढून टाकल्या होत्या किंवा एकच ठेवली होती. वजन वाढे आणि त्या फिरून वैमानिकाच्या तोंडावर येत. मी त्या ठेवल्या नाहीत. व्हिकर्स केल्या कागदाच्या गुंडाळ्या आणि अॅल्युमिनियमची पातळ नळी यांच्या. दोन्ही मिळून अकरा ग्रॅम.

सुकाणूवर निळा, पांढरा, लाल असे उभे पट्टे, निळा पुढे. पंखांवर आणि कुशीवर तिरंगी वर्तुळं. ती अर्थातच साम्राज्याची. “गुरुजी, होडीला नाव असतं, मग याच्यावर त्याचं नाव का नाय?” तांडेलाने विचारलं. कारण विमान माणसाचं नसे, स्क्वाड्रनचं असे. आज एक उडवी, उद्या दुसरा. नाव रंगवलं असतं तर पाहणाऱ्याला बरं वाटलं असतं, पण ती माझी भर झाली असती. तळपद्यांच्या गोष्टीत अशीच भर पडत गेली, प्रत्येकाने प्रेमापोटी एकेक तपशील जोडला, आणि आता खाली मूळ काय होतं ते हाती लागत नाही. आमच्या केळशीच्या खाडीजवळची वाळूची टेकडी डेक्कन कॉलेजच्या अशोक मराठे यांनी थराथराने अभ्यासली. त्या थरांत खापरं जिथे सापडली तिथली म्हणूनच बोलतात. कुणी प्रेमाने दोन नवी खापरं आणून पुरली, तर टेकडीचं बोलणंच बंद होईल.

मग वेलिंगकर या विमानात आहेत कुठे? डॉल्फिनच्या घडणीतच त्याचं उत्तर आहे. या विमानाचा वरचा पंख खालच्यापेक्षा मागे सरकवलेला होता आणि त्याच्या मधल्या भागात कापड नव्हतं, नुसती पोलादी चौकट होती. वैमानिकाचं डोकं त्या चौकटीतून वर येई. त्याला वर आणि पुढे मोकळं दिसे, आणि विमान उलटलं तर पहिला मार डोक्यालाच बसे. त्या भीतीपोटी शिकाऊ वैमानिकांच्या काही विमानांवर वरून लोखंडी कमानी बसवल्या होत्या. इतर विमानांत वैमानिक पंखाआड लपतो, डॉल्फिनमध्ये नाही. मॉडेलमध्येही सर्वांत आधी दिसतो तो त्याचा चेहरा.

एक षष्ठांश मापाचे तयार वैमानिक विकत मिळतात. चामडी टोपी, गॉगल, गळ्यात पांढरा रुमाल आणि गुलाबी गाल. सगळेच्या सगळे गुलाबी. मी एक विकत घेतला, आतून पोखरून त्याचं वजन ३८ ग्रॅमवर आणलं, गाल आणि हनुवटी घासून काढली, आणि चेहरा आपल्याकडच्या माणसाच्या रंगाने रंगवला. त्यासाठी मला कुठलीही भर घालावी लागली नाही. सगळ्या विमानात पुराव्याने सर्वांत पक्का असलेला तपशील हाच आहे : २३ स्क्वाड्रनच्या एका डॉल्फिनमध्ये, १९१८ च्या जूनमध्ये, मुंबईचा एक तरुण बसलेला होता.

आता पहाटे विमान खाडीच्या बाजूने वळून किनाऱ्यावरून नीट कमरेच्या उंचीवरून जातं, तेव्हा पाहायला आलेली मुलं हमखास विचारतात, आत कोण बसलंय? मी नाव सांगतो. त्यांतली दोन-तीन तरी घरी जाऊन ते पुन्हा सांगतात, असं त्यांच्या आया मला बाजारात भेटल्या की कळतं.