अपुरा खेळ रसिकांपुढे

नाटक रंगभूमीवर येण्यापूर्वी त्याची रंगीत तालीम होते. तालमीला चार जाणकार बोलावण्याचा प्रघात आपल्याकडे जुनाच आहे. परंतु तालमीला तिकीट लावल्याचे कोणी ऐकले आहे काय? संगणकावरील खेळांच्या जगात मात्र हा प्रकार आता रूढ झाला आहे. मोठ्या कंपनीच्या आश्रयावाचून, एकट्यादुकट्याने किंवा लहानशा मंडळीने रचलेला खेळ अपुऱ्या स्थितीतच खेळाडूंच्या हाती दिला जातो आणि त्यांच्या अभिप्रायांनुसार पुढे घडत जातो. ह्यात लाभ कोणता व धोका कोणता, ह्याचा आज थोडा विचार करू.

ह्या पद्धतीचे ठळक उदाहरण म्हणजे ‘माइनक्राफ्ट’. मार्कस पर्सन ह्या स्वीडिश रचनाकाराने त्याचे कच्चे रूप मे २००९ मध्ये लोकांपुढे ठेवले आणि लवकरच कमी किमतीत विकण्यासही आरंभ केला. खेळ पूर्ण झाल्याचे जाहीर झाले नोव्हेंबर २०११ मध्ये. मधली अडीच वर्षे ग्राहकांच्या पैशावर काम चालले, आणि दोष दाखविणारेही तेच ग्राहक होते.

ह्याचे कारण उघड आहे. ज्याने चक्रव्यूह रचला, त्याला वाट ठाऊकच असते; नवखा कोठे अडखळेल, हे त्याला दिसत नाही. ते दाखविण्यास परका डोळाच हवा. सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘सुपरजायंट’ मंडळीने ‘हेडीज’ हा ग्रीक पुराणावरील खेळ डिसेंबर २०१८ पासून सप्टेंबर २०२० पर्यंत असाच उघड्यावर घडविला. कथेचा खरा शेवट मात्र तिने पूर्ण आवृत्तीसाठी राखून ठेवला. तालीम दाखविली, पण अखेरचा अंक झाकून ठेवला!

पण प्रत्येक अभिप्राय मानावा काय? ‘डार्केस्ट डंजन’ ह्या कॅनडातील खेळात २०१५ साली, तो अपुरा असतानाच, एक बदल झाला. मेलेल्या शत्रूचे प्रेत जागा अडवून राहू लागले. त्यामुळे मागच्या शत्रूंवर वार करणे कठीण झाले. जुने खेळाडू संतापले. रचनाकारांनी बदल मागे घेतला नाही, परंतु ज्याला नको त्याने तो बंद ठेवावा, अशी सोय केली. रोग्याने कोठे दुखते ते सांगावे. औषधाची निवड वैद्याने करावी. खेळाडूची तक्रार बहुधा खरी असते, त्याने सुचविलेला उपाय तसा असेलच असे नाही.

आता ग्राहकाकडे वळू. ‘स्टीम’ ह्या विक्रीकेंद्राने २०१३ मध्ये अपुऱ्या खेळांसाठी स्वतंत्र दालन उघडले. खेळ आज जसा आहे तसा पसंत असेल तरच घ्या, असे तेथे ग्राहकास बजावले जाते. हा इशारा अनाठायी नाही. असे कित्येक खेळ अर्ध्यावरच राहिले आहेत. तेव्हा रचनाकाराने काय तयार आहे व काय नाही हे स्पष्ट सांगावे, आणि काम थांबलेच तर तेही लपवू नये. खेळाडूनेही ‘खेळ वाईट आहे’ एवढेच न म्हणता, कोठे, काय करताना, काय बिघडले, हे क्रमाने कळवावे.

अपुरेपणा हा दोष नव्हे. तो झाकून पैसे घेणे हा दोष होय. जो आपले कच्चे काम निःसंकोचपणे दाखवितो, त्याने आपल्यावर विश्वास टाकलेला असतो. आपण दिलेले आगाऊ पैसे हाही विश्वासच आहे. दोन्ही बाजूंनी तो पाळला गेला, तरच ही तालीम तिकिटाला पात्र ठरते.