औषध ‘दिलं’ म्हणजे नेमकं किती दिलं?

समजा, कणकवलीच्या उपजिल्हा रुग्णालयात एका मधुमेही आजींना महिन्याभराच्या मेटफॉर्मिनच्या ६० गोळ्या लिहून दिल्या. साठा कमी, म्हणून खिडकीवर २०च मिळाल्या. साठ्याच्या नोंदीत दिसणार ‘२० गोळ्या वजा’. उरलेल्या ४० कुठेच दिसणार नाहीत.

महाराष्ट्रात सरकारी औषधसाठ्यासाठी सी-डॅकची ‘ई-औषधी’ प्रणाली आहे. भांडारात माल किती, कुठली बॅच कधी एक्स्पायर होणार, हे त्यातून कळतं. पण औषधसेवा कशी चाललीय हे बघायचं, तर ही नोंद रुग्णाच्या इलेक्ट्रॉनिक केसपेपरशी जोडावी लागते.

जागतिक आरोग्य संघटनेने १९९३ मध्येच काही निर्देशक सुचवले होते. त्यातला एक म्हणजे लिहिलेल्या औषधांपैकी प्रत्यक्ष किती टक्के दिली. दोन्ही नोंदी जोडल्या की हा आकडा प्रत्येक रुग्णासाठी काढता येतो.

इथे दोन खाचखळगे आहेत. पहिला, मेटफॉर्मिन ‘दिलं’ असं मोजलं तर उत्तर १०० टक्के येतं. दिवस मोजले तर ३० पैकी फक्त १०. म्हणून दिवस मोजायचे. दुसरा जास्त फसवा. औषध संपलंय हे डॉक्टरांना माहीत असेल तर ते केसपेपरवर लिहितच नाहीत, बाहेरून आणायला तोंडी सांगतात. मग आकडा छान दिसतो आणि खर्च आजींच्या पिशवीतून जातो.

म्हणून ‘बाहेरून आणा’ यालाही केसपेपरात एक रकाना हवा. जे नोंदलंच नाही, ते कुठलंही सॉफ्टवेअर मोजू शकत नाही.