धरण ‘शून्य टक्के’ असताना होडीत बसताय?

मे महिना आला की लातूर-नांदेडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेसेज फिरतोच: धरण शून्य टक्क्यांवर! मोबाईलची बॅटरी शून्यावर गेली की फोन बंद. धरणाचं तसं नसतं. हा शून्य फक्त उपयुक्त साठ्याचा. त्याखाली मृतसाठा उरतोच. आपल्या मांजरा धरणाची क्षमता सुमारे २२४ दलघमी, त्यात ४७ च्या आसपास मृतसाठा. म्हणजे ‘शून्य’ असतानाही माणूस बुडेल एवढं पाणी असतं.

२१ मे २०२४ ला उजनीचा साठा तर उणे होता. तेव्हाच कुगावहून कळाशीला निघालेली होडी वादळी वाऱ्यात उलटली. सहा जण गेले. एक जण पोहून काठाला लागला.

उन्हाळ्यात धोका दोन्हीकडून असतो. वरून वळवाचं वारं, तेही दुपारनंतर अचानक. खालून जुन्या भिंती, खोडं, खडक. पाणी उतरलं की होडीच्या तळाला लागतील इतके वर येतात.

मग करायचं काय?

- फेरी सकाळीच. आभाळ भरून आलं तर काठावरच थांबा.
- लाइफ जॅकेट अंगात, बक्कल लावून. पोहता येत असलं तरी. जॅकेट नसेल तर बसूच नका.
- सेल्फीसाठी सगळे एका बाजूला जाऊ नका.
- काठाजवळ उडी नको, गाळात पाय रुततो.
- होडी उलटली तर तिलाच धरून राहा.

मित्र हसतील, हसू द्या. भेटू पुढच्या भागात!