पेट्या सहा, मुलं साठ

सकाळी साडेनऊ. शाळा पावणेअकराला भरते, पण पावसाळ्यात संगीताच्या खोलीत तासभर आधी आलं नाही तर दिवस बेसूर जातो. तबल्याच्या कपाटात खालच्या कप्प्यात पिवळा बल्ब रात्रभर जळत असतो. दमट हवेनं चामडं सैल पडतं, स्वर उतरतो, म्हणून ही ऊब. एलईडी इथे कामाचा नाही, तो पुरेसा तापत नाही. जुना बल्ब आता गावभर शोधावा लागतो आणि ऑफिसात दर पावसाळ्यात विचारणा होते की रिकाम्या खोलीत दिवा कशाला.

मुलांच्या कोवळ्या गळ्याला काळी चार बरी पडते, म्हणून तबले त्याच स्वरात. पेटीवर सूर धरायचा, गट्टे ठोकून तबला अंदाजानं जवळ आणायचा आणि मग गजऱ्यावर हातोडीचे हलके घाव. एक घर चढवलं की त्याच्या बरोबर समोरचं तपासायचं, नाहीतर सोळाही घरं फिरूनसुद्धा तबला जागेवर येत नाही. सहा तबले आहेत. पाच लागले, एकाची शाई उडालीय. तो पाचवीच्या सरावाला.

पावणेअकरा. परिपाठ. राष्ट्रगीताला 52 सेकंद, त्यानंतर राज्यगीत. 19 फेब्रुवारी 2023 पासून ‘जय जय महाराष्ट्र माझा’ अधिकृत राज्यगीत झालं आणि आमच्या ढोलकीवाल्यांना रोजचं काम लागलं. मैदानावर शेवटच्या रांगा नेहमी मागे राहतात. मुलांना रागावून उपयोग नाही. सत्तर मीटर चालून यायला आवाजाला सेकंदाचा पाचवा हिस्सा लागतो, आणि द्रुत लयीत तेवढं पुरतं. म्हणून ढोलकीची एक जोडी मी मैदानाच्या मध्यावर उभी करते आणि त्यांना सांगते, कानावर जाऊ नका, माझ्या हाताकडे बघा.

साडेअकरा. पाचवी ब. तास पस्तीस मिनिटांचा, मुलं साठ, पेट्या सहा. साधा भागाकार केला तर एकेकाच्या वाट्याला साडेतीन मिनिटं येतात, त्यातली दोन उठण्या-बसण्यात जातात. वाद्यवृंदाचा सगळा प्रश्न या हिशेबात आहे. गुणी मुलं सगळीकडे असतात, वाट्याला येणारी मिनिटं नसतात. म्हणून बाकीच्या मुलांकडे पुठ्ठ्यावर काढलेल्या पट्ट्या. सगळी बोटं एकदम फिरतात, वाजते सहांचीच. दर पाच मिनिटांनी रांग पुढे सरकते. बाकांवर केरवा चालूच असतो: धा गे ना ती, ना के धी ना.

खिडकीजवळ बसणाऱ्या एका मुलीचा हात लहान आहे. भाता ओढायला गेली की उजव्या हाताची बोटं पट्ट्यांवरून निसटतात. तिला मी भाता देतच नाही. भाता शेजारीण हलवते, ही वाजवते, मग अदलाबदल. शेजारीण इतक्या धसमुसळेपणानं भाता मारते की सूर केकाटतो. ही न बोलता तिचं मनगट धरते आणि हलवायचा वेग दाखवते. भाता कसा चालवावा हे मी महिनाभर फळ्यावर लिहीत होते.

डाव्या हातानं लिहिणाऱ्या मुलाला तबला-डग्ग्याच्या जागा बदलून देते. काही जाणकारांना हे खपत नाही. त्यांनी येऊन साठ मुलांचा तास घ्यावा.

मधली सुट्टी. डबा एका हातात, गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षेचे फॉर्म दुसऱ्या हातात. प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण. दहावीला सवलतीचे गुण मिळतात म्हणून पालक येतात. ‘किती परीक्षांवर किती गुण’ हाच पहिला प्रश्न असतो. मला त्याचं वाईट वाटत नाही. गुणांसाठी आलेला मुलगा तीनताल नीट मोजायला शिकला तर तो गुणांसाठी आला होता हे कुणाच्या लक्षात राहतं? गायक पलुसकर आमच्या याच मिरजेत बाळकृष्णबुवांकडे शिकले आणि 1901 साली लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय उघडलं. अभ्यासक्रम, स्वरलिपी, परीक्षा हा सगळा खटाटोप संगीत घराण्याबाहेरच्या मुलांपर्यंत जावं म्हणूनच होता. आमच्या पाचवी बपर्यंत ते आलंय, दाटीवाटीनं का होईना.

तीन वाजता बँड. पंधरा ऑगस्ट जवळ आला, बाहेर पाऊस, म्हणून सराव जिन्याखाली. साइड ड्रम सुरू झाला की वरच्या वर्गातून गणिताच्या सरांचा निरोप येतो. आज शिपाईमामा निरोप घेऊन आले आणि तिथेच ताल धरून उभे राहिले. मुख्याध्यापकांची इच्छा आहे की राष्ट्रगीत बिगुलावर व्हावं. बिगुलाला ना भोकं ना पट्ट्या. ओठ आवळून-सैल करून निघतात ते सा, ग, प, आणि तेच पुन्हा वरच्या-खालच्या सप्तकात. रिषभ आणायचा कुठून? हे त्यांना मी फळ्यावर काढून दाखवलं. बासरीवर घेऊ, बिगुल सलामीपुरता, असं ठरलं. बिगुलवाला आठवीतला मुलगा खूश झाला, कारण तासाभरात त्याचे ओठ बधिर होतात. त्याचा आवाजही फुटायला लागलाय. अशा वयात मुलं गाणं सोडतात; हातात वाद्य असेल तर टिकतात.

साडेपाच. चार नंबरची पेटी रिक्षात घालून सतारमेकर गल्ली. गल्लीत भोपळे वाळत टांगलेले, तंबोऱ्याच्या जवारीचं काम चाललेलं. पेटी दुरुस्त करणाऱ्या चाचांनी भाता भरून हात सोडला आणि पेटी ऐकत बसले. हवा कोपऱ्यातून जात होती, चामडं कुरतडलेलं होतं. वरच्या गंधाराचा सूरही घाणीनं अडकलेला. काम दोन दिवसांचं.

अडचण कागदाची. शाळेला खर्च मंजूर करायला तीन कोटेशन लागतात, छापील बिलावर. चाचांकडे बिलबुक नाही.

“बाई, तीन कोटेशन कसली? शेजारचा चुलतभाऊ, पलीकडचा मेव्हणा. दर तिघांचा एकच.”

मी तिघांकडेही गेले. मेव्हण्यांनी चहा घेतल्याशिवाय कागद दिला नाही, आणि शिक्का मारताना विचारलं, शाळेत सतार का नाही शिकवत?

साठ मुलांना एक सतार कशी वाटायची, ते त्यांनीच सांगावं असं मी म्हटलं. त्यांनी आतून एक जुनी, तडा गेलेली सतार आणली आणि म्हणाले, तडा मी भरतो, दोन मुली बसल्या तर बसल्या. तिच्यासाठी कोटेशन लागत नाही ना, एवढं मी विचारून घेतलं.