🌸 *तेरड्याचं बी आत्ताच धरा, पुढच्या गौरीला बांधावर उभं पीक*



गौरी गेल्या, बाजार उठला. पण तेरड्याचं खरं काम आत्ता सुरू होतं. आपल्याकडे तेरडा मुळासकट उपटून आणतात. मुळं म्हणजे गौरीची पावलं. मात्र हे एका पावसाळ्याचं झाड. बी पडायच्या आधी उपटलं, की त्या जागी पुढच्या साली काय उगवणार? रस्त्याकडेचा तेरडा सगळेच उपटतात, बी कोणी राखत नाही. म्हणून आपला तेरडा आपल्या बांधावर लावा.

*बी कसं धरायचं*
▪️ उंच, भरपूर फुलांची १०-१५ झाडं बियाण्यासाठी राखा.
▪️ बोंड फुगून हिरव्याचं फिकट पिवळसर झालं की तयार. हात लागताच फुटतं आणि बी दूर उडतं. म्हणून आधी खाली पिशवी धरा, मग बोंड दाबा.
▪️ तपकिरी बी पक्कं. पांढरं बी कच्चं, ते ठेवू नका.
▪️ ४-५ दिवस सावलीत वाळवा. कागदात बांधून कोरड्या डब्यात ठेवा.

*पेरणी*
▪️ मृगाचा पाऊस स्थिरावला की बी कोरड्या मातीत मिसळून बांधाच्या उतारावर फोका. वरून माती अगदी पातळ. पाणी साचतं तिथे नको, खोड कुजतं.
▪️ पेरल्यापासून फुलायला साधारण दोन महिने लागतात. गौरी कधी ऑगस्टअखेर, कधी सप्टेंबरच्या मध्यावर. आधी कॅलेंडर बघा, मग १०-१२ दिवसांच्या अंतराने दोन-तीन टप्प्यांत पेरा. एक टप्पा हुकला तरी दुसरा सापडतो.
▪️ रोपं वीतभर अंतरावर विरळ करा. युरिया नको, नुसता पाला माजतो. त्या बांधावर तणनाशकही मारू नका.
▪️ शेपटीवर काटा असलेली जाडी अळी पानं फस्त करते. दिसली की हाताने वेचा.

*विक्री*
खोड पाणीदार, ऊन लागलं की झाड मान टाकतं. पहाटे मातीसकट उपटा, जुड्या ओल्या गोणपाटात गुंडाळा आणि थेट पनवेलच्या बाजारात न्या. तेरड्याचा रंग तीन दिवस, तसा त्याचा बाजारही दोन-तीन दिवसांचाच. एक दिवस उशीर म्हणजे माल घरी.

⚠️ *दोन गोष्टी लक्षात ठेवा*
१) कर्नाळा अभयारण्यातून रोपं आणू नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे.
२) कुर्डूही रानफूल, कोवळा पाला भाजीला चांगला. पण नाचणी-वरीत तो तण होतो, त्याचं बी बांधावर फोकू नका.

तेरड्यावर मधमाश्या येतात, त्याचा फायदा शेजारच्या काकडी-शिराळ्यालाही होतो.

दरवर्षी निदान एक ओळ न उपटता राखा. तेच पुढचं बियाणं. जास्तीचं बी निघालं तर ग्रुपवर कळवा, ज्यांच्याकडे नाही त्यांना देता येईल. 🙏