हरणाऱ्या संघाचे पाठीराखे

मेलबर्न शहराचें नांव मराठी घरांत निघतें तें बहुधा क्रिकेटच्या निमित्तानें. डिसेंबर २०२० मध्यें ॲडिलेड येथें भारतीय संघाचा एक डाव अवघ्या ३६ धांवांत आटोपला आणि देशभर संतापाची लाट उठली. दहाच दिवसांनीं मेलबर्नच्या मैदानावर अजिंक्य रहाणे याच्या शतकाच्या बळावर त्याच संघानें सामना जिंकला आणि तो संताप कोठल्या कोठें विरून गेला. दहा दिवसांत भरून निघणारा पराभव सोसणें फारसें कठीण नाहीं. परंतु जो भरून निघण्यास पन्नास वर्षें लागतात, किंवा जो कधींच भरून निघत नाहीं, असा पराभव सोसणारे लोक कोण असतात, आणि ते तो कां सोसतात? या प्रश्नाचें उत्तर शोधावयाचें तर त्याच मैदानावर, पण हिंवाळ्यांत, जावयास पाहिजे. कारण हिंवाळा आला म्हणजे तेथील यष्ट्या निघतात आणि त्या देशाचा खास स्वतःचा फुटबॉल सुरू होतो.

हा खेळ क्रिकेटच्याच कुशींत जन्मला. १८५८ मध्यें टॉम विल्स नांवाच्या क्रिकेटपटूनें एका वृत्तपत्रास पत्र लिहून अशी सूचना केली कीं, हिंवाळ्यांत खेळाडूंचीं शरीरें आळसावूं नयेत म्हणून फुटबॉलचा एक क्लब काढावा. पुढील वर्षीं मेलबर्न क्लबच्या मंडळींनीं खेळाचे नियम लिहून काढले. मैदान क्रिकेटचें, म्हणून तें लांबट गोल, प्रत्येक बाजूस अठरा गडी, चेंडूहि लांबट. तो पायानें मारावा किंवा एका हातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीनें ठोसावा. फेंकण्यास मात्र मनाई. मैदानाच्या दोन्ही टोकांस चार चार खांब असतात. मधल्या दोन खांबांमधून चेंडू पायानें पार गेला तर तो गोल, त्याचे सहा गुण; बाजूच्या खांबांमधून गेला तर त्यास बिहाइंड म्हणतात, त्याचा एकच गुण. नेम थोडक्यांत चुकला तरी कांहीं पदरांत पडतें, एवढी उदारता या खेळांत आहे.

परंतु ज्या संघाचा तोल सुटला त्यास हा खेळ मुळींच दया दाखवीत नाहीं. येथें संघाचे गुण शंभराच्या घरांत जाणें ही नित्याची गोष्ट आहे, व दुबळ्या संघावर गोलांचा अक्षरशः पाऊस पडतो. प्रत्येक गोलनंतर चेंडू पुन्हां मध्यभागीं आणावयाचा, गड्यांनीं आपापल्या जागीं परतावयाचें आणि खेळ नव्यानें सुरू व्हावयाचा. म्हणजे हरणाऱ्या बाजूच्या पाठीराख्यास प्रत्येक घावानंतर पुढील घावाची वाट पाहत बसण्यापुरती सवड मिळते. शिवाय या लीगच्या हिशेबांत विजयास चार गुण, बरोबरीस दोन व पराभवास शून्य. हरणारा एका गुणानें हरो कीं शंभरांनीं, शून्य तें शून्यच. परंतु दोन संघ बरोबरींत आले म्हणजे केलेले गुण व झालेले गुण यांची टक्केवारी पाहतात. एका दुपारीं उडालेली दाणादाण अशा रीतीनें सबंध हंगामाच्या हिशेबांत ठाण मांडून बसते.

या लीगच्या इतिहासांतील सर्वांत मोठा पराभव २८ जुलै १९७९ रोजीं झाला. फिट्झरॉय संघानें २३८ गुण केले, प्रतिपक्षानें ४८. अंतर १९० गुणांचें. त्याच्या खालोखालचा पराभव ३० जुलै २०११ रोजीं झाला. जिलाँग संघानें ३७ गोल व ११ बिहाइंड मिळून २३३ गुण केले आणि प्रतिपक्ष ४७ वर राहिला, अंतर १८६. दोन्ही वेळीं हरलेला संघ एकच होता, आणि तो म्हणजे ज्या क्लबनें हा खेळ घडविला तो मेलबर्न क्लब.

या क्लबचे पूर्वीचे दिवस ठाऊक असल्याखेरीज त्याच्या पाठीराख्यांचें दुःख समजावयाचें नाहीं. नॉर्म स्मिथ या प्रशिक्षकाच्या हाताखालीं १९५५ ते १९६४ या दहा वर्षांत मेलबर्ननें सहा वेळां अजिंक्यपद मिळविलें. पुढच्याच वर्षीं हंगामाच्या मध्यावर चालकांनीं त्यास कामावरून दूर केलें. ओरड एवढी झाली कीं थोड्याच दिवसांत त्यास परत घ्यावें लागलें. परंतु विस्कटलेली घडी पुन्हां बसली नाहीं. त्यानंतर अजिंक्यपद येईना, तेव्हां लोक त्यास स्मिथचा शाप म्हणूं लागले. आजोबांनीं वैभव पाहिलें, वडिलांनीं त्याच्या गोष्टी ऐकल्या, आणि नातवाच्या वांट्यास १८६ गुणांचा तो शनिवार आला.

अशा सामन्यानंतर पाठीराखे काय करतात? पहिली प्रतिक्रिया मौनाची असते. तिसऱ्या डावाच्या सुमारास बांकें रिकामीं होऊं लागतात. गळ्यांतील लाल-निळे गुलूबंद कोटाच्या आंत जातात. कोणी मात्र शेवटची घंटा होईपर्यंत हट्टानें बसून राहतात. उठून जाणें म्हणजे आजाऱ्याच्या उशाकडून उठून जाणें, असें त्यांस वाटत असतें. मग येतो विनोद, स्वतःवरच केलेला आणि बराच कडवट. त्यानंतर संताप. रेडिओवर श्रोत्यांचे दूरध्वनि घेण्याचे कार्यक्रम त्या देशांत लोकप्रिय आहेत, व सोमवारपर्यंत ते अशाच आवाजांनीं भरून जातात. कोणी सभासदत्वाचें कार्ड फाडून परत पाठवितो. आणि सरतेशेवटीं सर्वांची बोटें एकाच माणसाकडे वळतात. २०११ च्या त्या सामन्यानंतर दुसऱ्याच दिवशीं मेलबर्नचे प्रशिक्षक डीन बेली यांस काढून टाकण्यांत आलें.

हा संताप नाटकगृहांत तिकिटाचे पैसे फुकट गेलेल्या प्रेक्षकाचा आहे, असें समजणें चुकीचें होईल. नाटक पडलें तर प्रेक्षक पुढच्या वेळीं दुसऱ्या नाटकास जातो. पाठीराखा दुसऱ्या संघाकडे जात नाहीं. बहुतेक घरांत संघ हा आडनांवासारखा वडिलांकडून किंवा आईकडून येतो. त्यांतच मेलबर्नसारखे जुने क्लब सभासदांचे आहेत. वर्षाची वर्गणी भरणाऱ्यास मत असतें आणि चालक निवडण्यांत त्याचा वांटा असतो. म्हणून त्याच्या रागांत गिऱ्हाइकाची तक्रार कमी आणि भागीदाराचा जाब अधिक असतो.

तो जाब विचारावयास कारणहि होतें. १९८६ पासून या लीगनें असा नियम केला आहे कीं, नवे तरुण खेळाडू निवडतांना तळच्या संघास पहिला मान द्यावा, म्हणजे दुबळे सबळ होत जातील. हेतु उत्तम, परंतु त्यामुळें आज हरलों तर उद्यां चांगला खेळाडू मिळेल, असा मोह उत्पन्न होतो. मेलबर्न २००८ व २००९ ही दोन्ही वर्षें तळाशीं राहिला. २००९ मधील पराभव मुद्दाम ओढवून घेतलेले होते काय, याची लीगनें पुढें चौकशी केली. तसें सिद्ध झालें नाहीं. तथापि तेव्हांच्या एकंदर वर्तनाबद्दल २०१३ मध्यें क्लबला पांच लक्ष डॉलरांचा दंड झाला. धीर धरा, फळ येईल, असें सभासदांस वर्षानुवर्षें सांगितलें गेलें होतें. प्रत्यक्षांत २०१३ च्या दुसऱ्याच फेरींत एसेंडन संघाकडून १४८ गुणांनीं हार पत्करावी लागली. त्या दिवशीं मेलबर्नचे गुण झाले ३६. तरुण खेळाडू मिळविणें एक आणि त्यांस शिकविणारें, सांभाळणारें घर असणें वेगळें, हा धडा त्या क्लबला फार महाग पडला.

परंतु संताप ही या गोष्टीची अर्धीच बाजू झाली. उरलेली अर्धी बाजू जिम स्टाइन्स याच्या चरित्रांत दिसते. हा डब्लिनचा मुलगा आयरिश फुटबॉल सोडून १९८४ मध्यें मेलबर्नास आला. १९८७ च्या उपांत्य सामन्यांत मेलबर्न निसटती आघाडी राखून होता. शेवटच्या क्षणीं प्रतिपक्षाचा गडी गोलवर नेम धरीत असतां स्टाइन्स नियमाविरुद्ध त्याच्या समोरून धांवत गेला. दंड म्हणून चेंडू पंधरा मीटर पुढें नेण्यांत आला, वेळ संपल्याच्या घंटेनंतर गोल झाला, आणि दोन गुणांनीं अंतिम सामना हुकला. एवढा कलंक घेऊन दुसरा कोणी गलबतांत बसून घरीं परतला असता. स्टाइन्स राहिला, १९९१ मध्यें लीगमधील सर्वोत्तम खेळाडूचें पदक त्यानें मिळविलें, आणि लागोपाठ २४४ सामने खेळण्याचा विक्रमहि केला. २००८ मध्यें तो क्लबचा अध्यक्ष झाला, तेव्हां डोक्यावर सुमारे पन्नास लक्ष डॉलरांचें कर्ज होतें आणि संघ तळाशीं होता. त्यानें सभासदांपुढें पदर पसरला. पुढें कर्करोगानें ग्रासलें असतांहि तें काम त्यानें सोडलें नाहीं, आणि २०१० मध्यें तें कर्ज फिटलें. हरणाऱ्या संघाच्या पाठीराख्यांनीं तें फेडलें, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. २० मार्च २०१२ रोजीं स्टाइन्स वारला. विजयाचा दिवस पाहणें त्याच्या नशिबीं नव्हतें.

अशीच गोष्ट मेलबर्नच्या पश्चिमेकडील फुट्सक्रे या मजुरवस्तीची. १९८९ च्या ऑक्टोबरांत तेथील कर्जबाजारी क्लब फिट्झरॉय क्लबांत विलीन करण्याचें ठरून गेलें. तेव्हां आयरीन चॅटफील्ड या सामान्य पाठीराख्या बाईनें न्यायालयांत धांव घेतली आणि थोडी मुदत मिळाली. त्या तीन आठवड्यांत लोकांनीं डबे घेऊन घरोघर फिरून वर्गणी गोळा केली, आणि क्लब वांचला. त्याच क्लबनें पुढें वेस्टर्न बुलडॉग्ज या नांवानें २०१६ मध्यें, म्हणजे १९५४ नंतर प्रथमच, अजिंक्यपद मिळविलें.

मग निष्ठा असली म्हणजे सर्व कांहीं तरतें काय? तसें म्हणणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. १९७९ मध्यें १९० गुणांनीं जिंकलेल्या फिट्झरॉयचें पुढें काय झालें तें पाहावें. या क्लबला स्वतःचें कायमचें मैदान उरलें नव्हतें, पाठीराखे थोडे होते, आणि नौरू बेटाच्या विमासंस्थेचें कर्ज थकलें होतें. १९९६ च्या हंगामांत त्यास एकच विजय मिळाला, आणि हंगाम संपतांच तो दूरच्या ब्रिस्बेन संघांत विलीन होणार हें ठरलें. २५ ऑगस्ट १९९६ रोजीं मेलबर्न शहरांत त्याचा शेवटचा सामना झाला. त्या दिवशीं तो १५१ गुणांनीं हरला. पण निरोप देण्यास मैदानावर सुमारे ४८ हजार लोक जमले होते. तितके लोक दर आठवड्यास येते तर तो निरोपाचा प्रसंगच आला नसता, हा विचार त्यांतील अनेकांच्या मनास शिवून गेला असेल. पुढें ब्रिस्बेन संघानें २००१ पासून लागोपाठ तीन अजिंक्यपदें जिंकलीं. फिट्झरॉयचे कांहीं पाठीराखे त्यांत रमले. कांहींनीं खेळाकडे कायमची पाठ फिरविली. आणि कांहीं आपल्या जुन्या ब्रन्सविक स्ट्रीटच्या मैदानाकडे परतले. तेथें २००९ पासून फिट्झरॉयच्या नांवाचा एक संघ हौशी खेळाडूंच्या स्पर्धेंत खेळतो.

मेलबर्नच्या पाठीराख्यांची प्रतीक्षा २५ सप्टेंबर २०२१ रोजीं संपली. अंतिम सामन्यांत समोर होते तेच पूर्वीचे फुट्सक्रेवाले. तिसऱ्या डावांत मेलबर्न १९ गुणांनीं मागें पडला होता; तेथून त्यानें जी उसळी घेतली तिच्यांत त्याचे गुण झाले १०० आणि प्रतिपक्षाचे ७. अखेरचा हिशेब १४० विरुद्ध ६६. सत्तावन्न वर्षांनंतर अजिंक्यपद आलें. परंतु दैवाचा खेळ असा कीं, कोविडच्या सांथीमुळें मेलबर्न शहर त्या दिवशीं टाळेबंदींत होतें आणि सामना भरविला होता देशाच्या दुसऱ्या टोकास, पर्थ येथें. ज्यांनीं प्रत्येक पराभव बांकावर बसून पाहिला होता त्यांतील बहुतेकांस हा विजय घराच्या दारांआडून, दूरदर्शनसंचावर पाहावा लागला. तीनच वर्षांनीं, २०२४ मध्यें, संघ अठरांपैकीं चौदाव्या स्थानावर घसरला. शापाची कथा संपली, तरी पराभवाची संपली नाहीं.

या खेळांत एक प्रथा आहे. सामन्यापूर्वीं पाठीराखे पातळ रंगीत कागदाचे तुकडे जोडून, आठवड्याच्या रात्रीं जागवून, मोठमोठा फलक तयार करतात व त्यावर संघास उत्तेजन देणारीं अक्षरें चिकटवितात. तो दोन उंच काठ्यांवर ताणून उभा धरला म्हणजे खेळाडू धांवत येतात आणि त्यास फाडून मैदानांत शिरतात. रात्रींची मेहनत क्षणार्धांत चिंध्या होऊन पडते. संघ वर असो कीं तळाशीं असो, फाटलेले कागद गोळा केले जातात, आणि पुढच्या सामन्यासाठीं नवा फलक करावयास तींच माणसें पुन्हां बसतात.