खिशातील संगणक : लाभ आणि त्याग

यंत्र लहान करावयाचे तर काही सोयींचा त्याग करावा लागतो. लिनक्स प्रणालीवर चालणारी, खिशात मावणारी यंत्रे याची साक्ष देतात. शार्प कंपनीच्या २००२ मधील झॉरस एसएल-५५०० या यंत्रास कळफलक होता; परंतु पडदा अवघा २४० बिंदू रुंद असल्याने इंटरनेटवरील पाने त्यात मावत नसत. नोकियाने २००५ साली काढलेल्या ७७० या यंत्राचा पडदा ८०० बिंदू रुंद होता. मात्र कळफलक नाहीसा झाला. २००७ च्या एन-८१० मध्ये सरकता कळफलक आला. तथापि इंटरनेटसाठी जवळ वायफाय किंवा मोबाइल फोन असावाच लागे. २००९ च्या एन-९०० मध्ये फोनही सामावला, परंतु पडदा ४.१ इंचांवरून ३.५ इंचांवर आला. म्हणून यंत्र निवडताना आपले कशावाचून अडणार नाही, हे आधी ठरविणे हिताचे होय.